लेकराला कारमध्ये नीट बसवायचं कसं: चाइल्ड सीट घेण्यापासून बेल्ट आवळण्यापर्यंत

लग्नसराई सुरू झाली की आपल्याकडं रस्त्यानं दर दुसऱ्या गाडीत हेच दिसतंय, गाडीत सात-आठ माणसं कोंबलेली, समोरच्या सीटवर मावशी नाहीतर आज्जी अन् तिच्या मांडीवर बारकं लेकरू. सगळ्यांना वाटतंय मांडीवर आहे म्हणजे काळजी नाही. माया खरीच आहे पण हातात तेवढी ताकद नसते. ५० च्या स्पीडनी चाललेली गाडी आदळून एकदम थांबली तर लेकरू स्वतःच्या वजनाच्या वीस-तीस पट जोरानं पुढं फेकलं जातं, म्हणजे १० किलोच्या लेकराला धरून ठेवायला दोन-तीन क्विंटलचा झटका हातावर झेलावा लागेल, तेही डोळ्याची पापणी लवायच्या आत. ते कुणालाच जमणार नाही, पैलवानालासुद्धा नाही. अन् मांडीवर घेणारीनं स्वतः बेल्ट लावला नसेल तर तिचं सगळं वजन लेकरावरच येतं. एकाच बेल्टमध्ये दोघं बसले तरी तेच, मोठ्या माणसाचं वजन लेकराला बेल्टवर दाबतं.

आता समृद्धीवर कारला १२० ची लिमिट आहे. स्पीड दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, हे ध्यानात ठेवा. कायदा पण आहे बरं का, २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत कलम १९४ ब आलं, १४ वर्षांखालचं लेकरू बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवलं तर १००० रुपये दंड. दंडाची रक्कम बघून कुणी मनावर घेत नाही, पण सीट दंडासाठी घ्यायचीच नसते.

दुकानात जायच्या आधी घरी दोन गोष्टी बघून घ्या. एक, लेकराचं वजन अन् उंची, आजची, अंगणवाडीच्या कार्डावर सहा महिन्यापूर्वी लिहिलेली नाही. दोन, स्वतःची गाडी. मागच्या सीटच्या पाठीच्या अन् बसायच्या भागाच्या फटीत हात घालून बघा, दोन लोखंडी कड्या लागल्या तर तुमच्या गाडीत आयसोफिक्स आहे, म्हणजे बेल्टशिवाय चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायची सोय. बऱ्याच नव्या गाड्यांत असतं अन् मालकाला माहितच नसतं. जुन्या गाडीत नसलं तरी अडत नाही, बेल्टनं बांधायची सीट घ्यायची. फक्त बेल्ट तीन ठिकाणी पकडणारा पाहिजे, म्हणजे खांद्यावरून अन् कमरेवरून जाणारा. नुसता कमरेचा पट्टा असेल, जसा बऱ्याच गाड्यांत मागं मधल्या जागी असतोय, तर तिथं बहुतेक सीटा बसत नाहीत.

चाइल्ड सीटवर एक स्टिकर असतं, त्यावर गोलात इंग्रजी ई अक्षर अन् शेजारी आकडा, खाली आर ४४ किंवा आर १२९ असं लिहिलेलं, ही सीट तपासायची आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड. आपल्या देशाचं स्टँडर्ड एआयएस ०७२ आहे. यातलं काहीच नसेल तर ती सीट घेऊ नका, कितीही मऊ गादी असू द्या. ऑनलाइन दीड-दोन हजारात कॅरीकॉट मिळतात, फोटोत गाडीत ठेवलेले दाखवतात, पण बऱ्याच जणांवर हे स्टिकरच नसतं. तसले कॅरीकॉट घरात झुलवायला ठीक, गाडीत नको. लेकराला सीटला बांधायचे स्वस्तातले नुसते पट्टे पण तसेच.

आर ४४ मध्ये वजनावरून ग्रुप पाडलेत: १३ किलोपर्यंत ग्रुप ० प्लस, ९ ते १८ किलो ग्रुप १, १५ ते २५ ग्रुप २, २२ ते ३६ ग्रुप ३. आर १२९ नवीन आहे, त्यात उंचीवरून ठरतं अन् बाजूनं धडक बसल्यावर काय होतं त्याची पण टेस्ट होते. एकच सीट घ्यायचं बजेट असेल तर माझं मत, जन्मापासून १८ किलोपर्यंत चालणारी, आधी उलटी (लेकराचं तोंड मागं) अन् मग सुलटी (तोंड पुढं) लावता येणारी घ्या, पुढं लेकरू मोठं झाल्यावर बूस्टर, म्हणजे लेकराला उंच बसवायची बैठक, घेता येतो. महागडी सीट सैल बांधण्यापेक्षा साधी पण स्टिकरवाली सीट घट्ट बांधलेली कधीही चांगली. घेण्याआधी दुकानदाराला गाडीत लावून दाखवा म्हणा, काही गाड्यांचा बेल्ट आखूड पडतो अन् ते घरी आल्यावर कळतं.

आता सगळ्यात जास्त वाद होतो ते उलटं बसवण्यावरून. उलटं म्हणजे लेकराचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडं. घरातले म्हणतात, काहून उलटं बसवायलेत, त्याला काही दिसंना, पाय दुमडायलेत. तर ऐका. बाळाचं डोकं अंगाच्या मानानं लई मोठं अन् जड असतं अन् मान कच्ची. गाडी थांबली की सुलट्या सीटमध्ये अंगाला पट्टा धरतो पण डोकं पुढं झटकतं अन् सगळा ताण मानेवर येतो. उलटं असेल तर पाठ, मान, डोकं सगळं मिळून सीटच्या पाठीत दबतं, ताण पसरतो. म्हणून आर १२९ मध्ये निदान १५ महिन्यांपर्यंत उलटंच बसवायचं असा नियम आहे, अन् सीटची वजन-उंचीची मर्यादा असेल तोवर, अगदी तीन-चार वर्षांपर्यंत, उलटंच ठेवलं तर उत्तम. पाय दुमडले तरी काही बिघडत नाही, लेकरं तसंही मांडी घालूनच बसतात.

अन् एक गोष्ट अजिबात करू नका: समोरच्या सीटवर, जिथं एअरबॅग चालू आहे, तिथं उलटी सीट लावणं. एअरबॅग लई जोरात फुगते अन् सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागंच आदळते. जीव जाऊ शकतो. आता छोट्या गाडीत पण पुढं दोन्हीकडं एअरबॅग येते, त्यामुळं सीट मागंच. मागच्या डाव्या बाजूला लावलेली बरी, म्हणजे लेकराला रस्त्याच्या कडेनं काढता-घालता येतं.

बसवताना आधी मॅन्युअल वाचा, सीटचं पण अन् गाडीचं पण. बेल्ट कुठून ओवायचा याच्या खुणा सीटवरच असतात, उलट्यासाठी निळ्या अन् सुलट्यासाठी लाल. बेल्ट ओवला की सीटवर गुडघा ठेवून वजन टाका अन् बेल्ट ओढून घ्या. मग बेल्ट जातो त्या जागेवर धरून सीट हलवून बघा, एक इंचापेक्षा जास्त सरकली तर सोडून परत बांधा. आयसोफिक्सला टक आवाज येतो अन् हिरवी खूण दिसते, पण तेवढ्यावर काम संपत नाही, बहुतेक सीटांना खाली टेकायचा पाय नाहीतर वरून मागं बांधायचा पट्टा असतो, तो पण लावायचा. तो पट्टा डिक्कीतल्या सामानाच्या हुकाला अडकवू नका, गाडीच्या मॅन्युअलमध्ये त्याची जागा दाखवलेली असते.

लेकराचे खांद्याचे पट्टे, उलट्यात खांद्याच्या बरोबरीनं किंवा जरा खालून आले पाहिजेत, सुलट्यात बरोबरीनं किंवा जरा वरून. पीळ पडू द्यायचा नाही. आवळल्यावर गळ्याजवळच्या हाडापाशी पट्टा चिमटीत धरून बघा, चिमटीत आला तर सैल आहे. लेकरू रडतं म्हणून सैल सोडायचा मोह होतो, तिथंच थांबा. थंडीत स्वेटर-शालीवरून पट्टा आवळू नका, आधी पट्टा मग वरून पांघरूण. खाली दुपट्याची घडी, उशी असलं काही घालायचं नाही, सीटसोबत आलेलं असेल तेवढंच.

तान्ह्या बाळाची हनुवटी छातीला टेकली तर श्वास अडकतो, म्हणून सीट मॅन्युअलप्रमाणं पुरती मागं कललेली पाहिजे. नांदेडहून संभाजीनगरला जायचं म्हणलं की तासन्‌तास लागतात, तर दीड-दोन तासाला थांबा, बाळाला काढा, पाजा, पाठीवर झोपवा. बाळ रडलं तरी चालत्या गाडीत काढून पाजायचं नाही, गाडी बाजूला घ्या. घरी पोचल्यावर पण त्याच सीटमध्ये झोपू देऊ नका.

आपल्याकडचं ऊन पण आहेच. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला जातो अन् उन्हात लावलेल्या गाडीतलं बक्कल चटका देतं. गाडी लिंबाखाली लावा, सीटवर पांढरा पंचा टाकून ठेवा, बसवायच्या आधी बक्कल हातानं तपासा. अन् लेकराला बंद गाडीत एकटं सोडून दोन मिनिटं पण जाऊ नका, पहिल्या दहा मिनिटांतच आतलं तापमान दहाएक डिग्री चढतं अन् लेकराचं अंग मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं.

चार-पाच वर्षांचं झालं की लोक सीट काढून टाकतात. घाई करू नका, आधी सीटची मर्यादा संपू द्या, मग बूस्टर. गाडीचा बेल्ट मोठ्या माणसासाठी असतो, लेकराच्या गळ्यावर अन् पोटावर येतो. बूस्टरनं तो खांद्याच्या मधून अन् मांड्यांवरून खाली बसतो. उंची १४५-१५० सेंटीमीटर होईस्तोवर बूस्टर वापरा. सनरूफमधून डोकं बाहेर काढून उभं करणं, दोन सीटांच्या मधी उभं करणं, हे कितीही हट्ट केला तरी नाही.

जुनी सीट पाहुण्यांकडून घ्यायला हरकत नाही, पण ती अपघातातून गेलेली नाही हे नक्की माहित पाहिजे, अन् मागं लिहिलेली तारीख बघा, कंपनीनं दिलेली मुदत संपली असेल तर नको. आपल्या गाडीला जोरात धडक बसली असेल तर सीट बाहेरून चांगली दिसली तरी बदला.

तुळजापूर-माहूरला नाहीतर लग्नाला भाड्याची गाडी करणार असाल तर ठरवतानाच विचारा, मागं बेल्ट आहेत का, चालू आहेत का. बऱ्याच गाड्यांत कव्हर घालताना बेल्ट सीटखाली दाबलेले असतात, ते आदल्या दिवशीच वर काढून ठेवायला सांगा, अन् घरची सीट सोबत घेऊन जा.