लुआरकाठी सायकल: जेवण बाराच्या आधी घेऊन ठेवा

फ्रान्समध्ये ब्लुआ शहर ते शाँबोरचा राजवाडा असा निवांत सायकलचा दिवस ठरवला असेल तर रस्त्याची काळजी करू नका, लुआर नदीच्या कडेने बराचसा सपाटच रस्ता आहे, साधारण १८ किमी, जागोजागी पाट्या आहेत, आरामात जाता येतं. खरी काळजी जेवणाची करा. खेड्यांत दुपारी साडेबारा-एकला दुकानं बंद होतात ती दोन-तीन तास उघडत नाहीत, हॉटेलात पण दोननंतर जेवण मिळणं कठीण, आणि रविवारी दुपारी नि सोमवारी तर बऱ्याच ठिकाणी शुकशुकाट. म्हणून सकाळीच ब्लुआत बेकरीतून 'बागेत' म्हणजे लांब फ्रेंच पाव घ्या, सोबत सेल-स्युर-शेरचं बकरीच्या दुधाचं चीज घ्या, वरून राखेने करडं, आतून पांढरंशुभ्र, आणि दोनचार टोमॅटो. दुकानात शिरताच आधी बोंजूर म्हणायचं हं, मग काय हवं ते सांगायचं, तिथे हे फार मानतात. पाव मागच्या कॅरिअरला आडवा बांधा, कापडात गुंडाळून, नाहीतर धूळ बसते.

पाणी संपलं तर गावातलं कब्रस्तान शोधा, खरंच, तिथे फुलांना घालायला नळ असतो, फक्त पाटीवर 'नॉन पोताब्ल' लिहिलं असेल तर ते पिऊ नका.

जेवायला सँ-दिये गावात नदीकाठी थांबा. शाँबोरच्या बांधकामाचा दगड होड्यांतून इथेच उतरायचा, राजवाडा इथून चारपाच किमीवर.