सांडपाण्याचा नमुना घेताना: बाटली, बर्फ आणि बीओडी

रिपोर्टमधला आकडा पटला नाही की आधी प्रयोगशाळेवर संशय घेतला जातो. खरं तर पाणी तिथे पोहोचण्याआधीच बरंच काही बिघडलेलं असू शकतं. चुकीची बाटली, उन्हात राहिलेला खोका, तळाचा गाळ खरवडून भरलेलं पाणी, यातलं काहीही नंतर कितीही महागडं यंत्र लावलं तरी दुरुस्त होत नाही. पर्यावरण तंत्रज्ञाचं निम्मं काम म्हणजे पाणी जसं वाहत होतं तसंच टेबलापर्यंत नेणं.

निघण्याआधी पीएच मीटर तपासून घ्या. ७ च्या बफरने (ठरलेल्या पीएचच्या द्रावणाने) सुरुवात, मग ४ किंवा १०, ज्या बाजूचं पाणी अपेक्षित असेल त्याप्रमाणे. २५ अंश सेल्सिअसला इलेक्ट्रोडचा (मीटरच्या पाण्यात बुडणाऱ्या काडीचा) आदर्श स्लोप, म्हणजे व्होल्टेजमधला बदल, दर पीएचमागे ५९.१६ मिलिव्होल्ट असतो. मीटर या स्लोपच्या ९५ टक्क्यांच्या खाली दाखवू लागला तर इलेक्ट्रोड साफ करा, तरी सुधारला नाही तर बदला. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवायची सवय अनेकांना असते आणि त्यानेच तो लवकर मरतो. काचेच्या टोकाला पोटॅशियम क्लोराइडचं ३ मोलर द्रावण लागतं.

बाटल्या पॅरामीटरप्रमाणे वेगळ्या. धातूंसाठी आम्लाने धुतलेली प्लॅस्टिकची बाटली, आणि नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली. सीओडीसाठी (घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) सल्फ्युरिक आम्ल, पीएच तेवढाच. सायनाइडचं उलटं: सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच १२ च्या वर. पीएचची पट्टी बाटलीत बुडवू नका, स्वच्छ काचकांडीने एक थेंब पट्टीवर टाका. सायनाइड किंवा सल्फाइड असण्याची शक्यता असलेल्या पाण्यात आम्ल कधीही बंद खोलीत घालायचं नाही, विषारी वायू सुटतो.

तेल आणि ग्रीसचा नमुना सगळ्यात जास्त बिघडतो. त्याला रुंद तोंडाची काचेचीच बाटली हवी, कारण तेल प्लॅस्टिकच्या भिंतीला धरतं. ती बाटली नमुन्याच्या पाण्याने विसळायची नाही, काठोकाठ भरायची नाही, दुसऱ्या भांड्यातून ओतून भरायची नाही. प्रत्येक वेळी थोडं तेल काचेला चिकटून मागे राहतं. म्हणूनच चाचणीच्या वेळी बाटलीतलं सगळं पाणी वापरतात आणि रिकामी बाटलीही सॉल्व्हंटने विसळून घेतात.

जिवाणूंच्या बाटलीत, पाणी क्लोरिन दिलेलं असेल तर, सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेलं असलं पाहिजे. नाहीतर वाटेत क्लोरिन जंतू मारत राहतं आणि रिपोर्ट खोटा स्वच्छ येतो. वर दोन-अडीच सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा, म्हणजे नीट हलवता येतं.

जागेवर पोहोचल्यावर: प्रवाह जिथे चांगला घुसळलेला आहे तिथे, मधोमध, मध्यम खोलीवर, बाटलीचं तोंड येणाऱ्या प्रवाहाकडे. वरचा फेस नको, तळ नको, भिंतीचं शेवाळ नको. मॅनहोलमध्ये किंवा बंद टाकीत उतरायची वेळ आलीच तर आधी गॅस मीटर दोरीने वर, मध्ये आणि खाली सोडून तिन्ही ठिकाणी मोजा. मिथेन हलका, तो वर साठतो. हायड्रोजन सल्फाइड जड, तो तळाशी बसतो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही. वासावर तर मुळीच विसंबायचं नाही: हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या आसपास गेला की नाक बधिर होतं, वास थांबतो, वायू मात्र तिथेच असतो.

दिवसभराचं सरासरी चित्र हवं असेल तर कॉम्पोझिट, म्हणजे वेगवेगळ्या वेळचे नमुने एकत्र केलेला, नमुना घ्यावा लागतो, आणि तो प्रवाहाच्या प्रमाणात मिसळायचा. समजा तीन वेळचे प्रवाह ताशी ४०, ६० आणि १०० घनमीटर आहेत आणि एकूण २ लिटर नमुना हवा आहे. बेरीज २००. तर पहिल्या नमुन्यातून ४०० मिली, दुसऱ्यातून ६००, तिसऱ्यातून १०००. तिन्ही सारखे ओतले तर रात्रीच्या बारीक धारेला दुपारच्या लोंढ्याइतकंच वजन मिळतं. पीएच, विरघळलेला ऑक्सिजन, उरलेलं क्लोरिन, तेल आणि जिवाणू कॉम्पोझिटमधून मोजत नाहीत. पहिले तीन तर जागेवरच मोजायचे.

विरघळलेला ऑक्सिजन विंकलर पद्धतीने मोजत असाल तर ३०० मिलीची बाटली नळी तळापर्यंत नेऊन, बुडबुडा न होऊ देता, ओसंडू देत भरा. पिपेटचं टोक पाण्याखाली नेऊन १ मिली मँगनीज सल्फेट, मग १ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड. बूच लावून उलटसुलट करा. तपकिरी साका म्हणजे ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. साका खाली बसला की १ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल, मग २०१ मिली घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेशन. २०० न घेता २०१ घ्यायचं, कारण पहिल्या दोन रसायनांनी बाटलीतलं २ मिली पाणी बाहेर ढकललेलं असतं. या हिशेबात १ मिली थायोसल्फेट म्हणजे लिटरला १ मिग्रॅ ऑक्सिजन. स्टार्च अगदी फिक्या पिवळ्यावर घाला. लवकर घातला तर निळा रंग आयोडिन धरून बसतो आणि शेवटचा बिंदू सरकतो.

बीओडीचा (जंतूंना घाण खाताना लागणारा ऑक्सिजन) नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी लावलेला उत्तम. लावण्याआधी तो २० अंशांवर आणा. थंड पाण्यात जास्तीचा ऑक्सिजन मुरलेला असतो, इनक्युबेटरमध्ये तो बुडबुडे होऊन सुटतो आणि ऑक्सिजनची घट फुगलेली दिसते. डायल्यूशन वॉटरमध्ये (नमुना पातळ करायच्या पाण्यात) दर लिटरला फॉस्फेट बफर, मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम क्लोराइड आणि फेरिक क्लोराइड, प्रत्येकी १ मिली.

डायल्यूशन अंदाजाने पण किमान तीन. बीओडी २०० च्या आसपास वाटत असेल तर ३०० मिलीच्या बाटल्यांत ३, ६ आणि ९ मिली नमुना. ६ मिलीच्या बाटलीत विरघळलेला ऑक्सिजन सुरुवातीला ८.४ आणि ५ दिवसांनी ४.३ मिळाले तर घट ४.१, गुणिले ३००, भागिले ६, म्हणजे २०५ मिग्रॅ/लिटर. सीड (जंतूंचं विरजण) घातलं असेल तर त्याची घट आधी वजा करायची. ५ दिवसांनी किमान १ मिग्रॅ ऑक्सिजन उरलेला हवा आणि घट किमान २ ची हवी. यातली एकही अट न पाळणारी बाटली हिशेबातून बाद. ब्लँकची (नमुना न घातलेल्या बाटलीची) घट ०.२ च्या वर गेली तर पाणी किंवा बाटल्या मळलेल्या आहेत. क्लोरिन दिलेलं पाणी सोडियम सल्फाइटने क्लोरिन घालवून, सीड टाकूनच लावा. नाहीतर खाणारे जंतूच नसतात आणि बीओडी शून्याजवळ येते.

रिपोर्ट पाठवण्याआधी आकडे एकमेकांसमोर ठेवून बघा. एकाच नमुन्यात बीओडी सीओडीपेक्षा जास्त यायला नको; आली, तर आधी दोन्ही बाटल्यांवरची वेळ आणि लेबल जुळतात का पाहा, मग डायल्यूशनचा गुणाकार तपासा, आणि मगच सीओडीचं रसायन बदलायला घ्या.