लिलावातला ट्रॅक्टर : सीमाभागात घेताना-विकताना या चुका टाळा

आमच्या घरी लिलावातून पहिला ट्रॅक्टर आला तेव्हा आईनं त्याला ओवाळलं होतं. चाळीस एचपीचा, एमएच-०९ पासिंगचा, कोल्हापूरच्या बाजूला एका फायनान्स कंपनीच्या यार्डातून उचललेला. बाजारभावापेक्षा पाऊण लाखानं स्वस्त पडला म्हणून धाकटा भाऊ आणि मी निपाणीपर्यंत खुशीत आलो. दीड वर्षानं ऐन उसाच्या हंगामात तो तपासणीत अडवला गेला. आरसी (नोंदणीचं प्रमाणपत्र) पहिल्या मालकाच्याच नावावर, विमा संपलेला, एनओसी (आरटीओचा ना-हरकत दाखला) ‘आज येतीय, उद्या येतीय’ करत अडकलेली. अकरा दिवस ट्रॅक्टर पोलीस ठाण्याच्या आवारात उभा राहिला आणि तोडलेला ऊस फडात वाळला. घटलेलं वजन, दंड, हेलपाटे आणि दुसऱ्याच्या ट्रॅक्टरचं भाडं असा हिशेब मांडला तेव्हा वाचलेले पाऊण लाख कुठेच दिसेनात.

लिलावात हातोडा पडला की लोखंड तुमचं होतं, मालकी होत नाही. मालकीचं काम वेगळं, आणि ते बोली लावायच्या आधीच सुरू करावं लागतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात तर जास्तच, कारण आपल्याकडे यंत्रं सीमेच्या अलीकडे-पलीकडे सारखी जात-येत असतात. शेत कर्नाटकात, पाहुणे गडहिंग्लजला, कारखाना कागलकडं, ट्रॅक्टर सांगलीचा. ट्रॅक्टर दोन तासांत सीमा ओलांडतो, त्याची कागदं वर्षभर ओलांडत नाहीत.

लिलाव कुणाचा आहे हे न विचारणं

सगळे लिलाव सारखेच असं आपण धरून चालतो. तसं नसतं. कोण विकतंय त्यावर तुमच्या नावावर आरसी कशी होणार ते ठरतं.

हप्ते थकले म्हणून ओढून आणलेला ट्रॅक्टर असेल तर पहिल्या मालकानं विक्रीच्या फॉर्मवर राजीखुशीनं सही केलेली नसते. अशा वेळी फायनान्स कंपनी फॉर्म ३६ वर अर्ज करून आरसी आधी स्वतःच्या नावावर करून घेऊ शकते आणि मग तुम्हाला देऊ शकते. यार्डातल्या माणसाला सरळ विचारा : “आरसी सध्या कुणाच्या नावावर हाय? कंपनीच्या नावावर करून देणार का, किती दिवसांत, आणि ते लिहून देणार का?” आम्ही हे विचारलं नाही. आम्हाला पहिल्या मालकाच्या सहीचे कोरे फॉर्म हातात दिले आणि आम्ही ते खिशात घालून आलो. पुढं आरटीओत सही जुळेना.

बँकेनं किंवा सोसायटीनं वसुलीसाठी काढलेल्या लिलावात आरसीवरचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, उतरवणं महत्त्वाचं. त्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, दोन्ही लागतात. पैसे भरल्याची पावती म्हणजे बोजा उतरला असं नाही.

सरकारी लिलाव, म्हणजे खात्यानं किंवा सरकारतर्फे काढलेला, त्याची वाट आणखी वेगळी आहे. तिथं खरेदीदारानं ताबा घेतल्यापासून ३० दिवसांत फॉर्म ३२ वर अर्ज करायचा असतो. सोबत विक्री कायम झाल्याचा आदेश आणि लिलावाला मंजुरी देणाऱ्या आदेशाची प्रमाणित प्रत लागते. ही प्रत लिलावाच्या दिवशीच मागा. साहेबांची बदली झाली की तो कागद शोधायला वर्ष जातं.

आणि एनओसी. महाराष्ट्राच्या पासिंगची गाडी कर्नाटकात आणायची, किंवा केए-२३ (चिकोडी) पासिंगची गाडी कोल्हापूरला द्यायची, तर मूळ आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी लागते. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. थकलेला कर, न भरलेलं चलन, न उतरलेला बोजा, यातलं एक जरी असलं तरी एनओसी अडते. म्हणून बोलीआधी एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून बघा. नोंदणीची तारीख, विमा, फायनान्सचं नाव तिथं दिसतं. चलनं वेगळी तपासा. दहा मिनिटांचं काम आहे.

ट्रॉली विसरू नका. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपासून वेगळी असते. ‘ट्रॅक्टर-ट्रॉली एकत्र’ म्हणून बोली झाली आणि आरसी एकच हातात आली, तर ट्रॉली कागदावर तुमची नाही.

न समजणाऱ्या अटींवर सही

इकडच्या लिलावाच्या अटी बहुतेक कानडीत किंवा इंग्रजीत असतात. आपल्यातल्या पुष्कळ जणांना कानडी बोलता येतं, वाचता येत नाही, आणि गर्दीत तसं सांगायला लाज वाटते. लाज बाळगू नका. ज्याला वाचता येतं त्याला सोबत न्या, आदल्या दिवशी अटींचा फोटो काढून घरी वाचून घ्या. ‘जसं आहे, जिथं आहे’ ही अट जवळपास सगळीकडं असते. म्हणजे उद्या इंजिन बसलं तरी तक्रार चालणार नाही. त्याखेरीज चार गोष्टी शोधा : उरलेली रक्कम किती दिवसांत भरायची, न भरल्यास अनामत जप्त होते का, जीएसटी बोलीत धरलाय की वेगळा, आणि यार्डाचं भाडं कुठल्या तारखेपासून कुणावर. शेवटच्या कलमानं भलेभले फसतात. कागद मिळेपर्यंत यंत्र उचलता येत नाही आणि रोजचं भाडं मात्र चढत राहतं.

रंग बघून बोली लावणं

आता लोखंडाकडं येऊ. लिलावाच्या सकाळी लोक काय बघतात? टायर आणि रंग. माझं म्हणणं, आधी विचारा की हा ट्रॅक्टर कुठल्या कामातून आलाय. आपल्याच जिल्ह्यात दोन टोकांचे ट्रॅक्टर दोन वेगळ्या तऱ्हांनी झिजतात.

खानापूरकडचा ट्रॅक्टर भाताच्या चिखलणीत राबलेला असतो. पावसाळाभर तो चाकाच्या मध्यापर्यंत चिखलात. त्याचं इंजिन पुष्कळदा चांगलं निघतं, कारण ओझं कमी ओढलेलं असतं. रोग असतो खाली. ऑईल सील फाटून चिखल-पाणी हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात), मागच्या हाऊसिंगमध्ये शिरतं. पुढचं चाक जॅकवर उचला आणि वर-खाली धरून हलवा. हबचं झाकण काढता आलं तर ग्रीस बोटावर घ्या. चांगलं ग्रीस बोटांत तार धरतं. चिखल गेलेलं ग्रीस राखाडी दिसतं आणि दोन बोटांत चोळलं की बारीक वाळू टोचते. मी एकदा असं बोटावर घेतलं आणि सोबतच्या मेस्त्रींनी वास न घेताच सांगितलं, “अण्णा, बेरिंग गेलंय बघा. सोडा ह्याला.” मागच्या गिअरबॉक्सचं ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे.

अथणी, रायबाग, चिकोडीकडचा ट्रॅक्टर उसाचा. मागं दोन-दोन भरलेल्या ट्रॉल्या लावून कारखान्याला गेलेला. याचे टायर नवे असतील, रंगही ताजा असेल, पण हुकाच्या भोकाकडं बघा. गोल भोक लंबगोल झालेलं असेल तर हजारो खेपा झाल्यात. मग वाकून मागच्या एक्सलच्या हाऊसिंगवर टॉर्च मारा. वेल्डिंगचा ओघळ, किंवा रंगाखाली उठलेली बारीक रेघ दिसली तर किंमत निम्म्यावर आणा, नाहीतर सरळ पुढं चला. चढाला भरलेली ट्रॉली ओढताना पुढचं तोंड उचललं जातं, ते परत आपटतं, म्हणून पुढच्या एक्सलची मधली पिनही बघायची. क्लच आणि ब्रेक यात गेलेलेच धरा आणि त्यांचा खर्च बोलीतून आधीच वजा करा.

इंजिनाबद्दल एकच हट्ट धरा : थंड असताना सुरू करायचं. यार्डावर पोचलात की पहिलं काम म्हणजे इंजिनाला हात लावणं. कोमट लागलं तर तुम्ही यायच्या आधी कुणीतरी चालवून ठेवलंय. ‘बॅटरी नाही’ हे उत्तर ठरलेलं असतं. स्वतःची बॅटरी घेऊन जा आणि परवानगी मागा. सुरू झाल्यावर निळा धूर टिकून राहिला तर इंजिन ऑईल जाळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही तर पाणी आत जात असेल किंवा डिझेल नीट जळत नसेल. काळ्या धुराला लगेच घाबरू नका, कधी नुसता एअर फिल्टर चोंदलेला असतो. इंजिन चालू ठेवून ऑईल भरायचं झाकण उघडा. तिथून भप्‌भप् धूर ढकलून आला तर रिंगा आणि लायनर संपलेत.

लिफ्टची परीक्षा घाईत करता येत नाही, म्हणून कुणी करत नाही. रोटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) किंवा पल्टी नांगर लावा, पूर्ण उचला, इंजिन बंद करा आणि चहा पिऊन या. थोडं खाली आलं तर चालतं. जमिनीला टेकलं तर हायड्रॉलिकचं काम निघणार.

अवर मीटरवर (ट्रॅक्टर किती तास चालला ते दाखवणाऱ्या) विसंबू नका, त्याची केबल काढून ठेवता येते. क्लच-ब्रेकच्या पेडलची झीज, सीटखालचा पत्रा आणि पीटीओ शाफ्टचे (मागची अवजारं फिरवणाऱ्या दांड्याचे) दाते यांच्याशी आकडा ताडून बघा. दाते धारदार झालेत आणि मीटर बाराशे तास दाखवतोय, असं होत नाही.

चासी नंबर रॉकेलच्या फडक्यानं पुसून आरसीशी एकेक आकडा जुळवा. ग्राइंडर फिरवल्याची खूण दिसली तर कितीही स्वस्त असो, हात लावू नका.

रोटरचं थोडक्यात : पाती बदलता येतात, त्यांच्यावर भाव पाडू नका. पात्यांचा शाफ्ट वाकलाय का आणि गिअरबॉक्स हातानं हलवला तर खडखडतो का, एवढं बघा.

जुन्या भावावर बोली

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. मूळ किंमत आठ लाख धरली तर नवा ट्रॅक्टर पूर्वी ८ लाख ९६ हजारांना पडायचा, तो आता ८ लाख ४० हजारांना. म्हणजे ५६ हजारांचा फरक. वापरलेल्याचा भाव त्या प्रमाणात उतरायला पाहिजे, पण पुष्कळ ठिकाणी राखीव किंमत (जिच्या खाली विकत नाहीत ती) जुन्या हिशेबानंच लावलेली दिसते. जाण्याआधी शोरूममधून त्याच ताकदीच्या नव्या ट्रॅक्टरचं आजचं कोटेशन घ्या, त्यातून दुरुस्ती, टायर, विमा, नोंदणीचा खर्च वजा करा आणि आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा.

तो आकडा ओलांडायचा नाही. लिलावात बोली चढवणारी माणसं उभी असतात. दलालांचा गट आपसात बोली न वाढवता घेऊन नंतर वाटून घेतो, तेही होतं. समोरच्यानं वाढवलं म्हणून आपण वाढवायचं ही खुन्नस गावकीतून येते, आणि शेजारच्या गावचा माणूस समोर असला की जास्तच.

वेळही बघा. मिरगाच्या तोंडावर आणि गाळप सुरू व्हायच्या आधी भाव चढतात. विकणाऱ्यानं तेव्हा विकावं, घेणाऱ्यानं कारखाने बंद झाल्यावर फिरावं.

विकणाऱ्याची मोठी चूक : पैसे मिळाले, विषय संपला

कोऱ्या फॉर्मवर सही करून आरसी देऊन टाकणारे आपल्याकडं घरोघरी आहेत. “माणूस वळखीचा हाय, करून घेईल की नावावर.” याची किंमत मोठी आहे. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की, गाडी पुढं दोन-तीन हात फिरलेली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जाईल आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येईल. म्हणजे तुम्ही विकलेला ट्रॅक्टर तिसऱ्याच माणसाच्या हातून कुणाला लागला तर नोटीस तुमच्या दारात.

म्हणून फॉर्म २९ तुम्ही स्वतः भरा. ही विक्रीची खबर देणं विकणाऱ्याचं काम आहे : त्याच राज्यात विकलं तर १४ दिवसांत, दुसऱ्या राज्यात विकलं तर ४५ दिवसांत. घेणाऱ्यानं ३० दिवसांत आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यायचा. तारीख, वेळ, चासी नंबर लिहिलेली ताबापावती घ्या आणि ट्रॅक्टरसोबत घेणाऱ्याचा फोटो काढा. अनुदानावर घेतलेलं यंत्र असेल तर मंजुरीपत्रात विक्रीबंदीची मुदत असते, ती आधी वाचा.

विकायच्या आधी रंग मारू नका. जाणता गिऱ्हाईक ताजा रंग बघून मागं सरतो. धुवा, ऑईल बदला, सर्व्हिसच्या पावत्या एका पिशवीत घाला. आणि बोजा आधी उतरवा. बोजा असलेल्या गाडीला येणारा गिऱ्हाईक दलालच असतो.

चूक होऊन गेली असेल तर

घेतलेला ट्रॅक्टर अजून जुन्याच नावावर असेल तर थर्ड पार्टी विमा लगेच चालू करा आणि तोवर रस्त्यावर काढू नका. एनओसी कुठल्या कारणानं अडली ते आरटीओतून लेखी काढा, तोंडी उत्तरावर परत येऊ नका. आमचं गाडं दोन जुन्या चलनांवर अडलेलं होतं. दीड वर्षं आम्ही यार्डाला फोन करत राहिलो आणि कारण मात्र कोल्हापूरच्या खिडकीवर एका सकाळी कळलं. चलन पहिल्या मालकाचं होतं, ते आम्हीच भरलं. विकणाऱ्याकडून लेखी आश्वासन असेल तर पोचपावतीसह नोटीस द्या, नंतर दाद मागताना तोच कागद कामाला येतो.

विकून बसला असाल आणि नाव अजून तुमचंच असेल, तर आजच फॉर्म २९ भरून तुमच्या आरटीओला रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा, सोबत ताबापावतीची झेरॉक्स जोडा. मुदत टळली असली तरी पाठवा. घेणाऱ्याच्या गावी जाऊन त्याच्या विम्याची प्रत मागा. नसेल तर त्याच्यासोबत बसून काढून द्या, हप्त्याचे पैसे तुम्हाला घालावे लागले तरी.