खजुराचा चॉकलेट-अक्रोड फज: दूध, लोणी आणि साखर न घालता

लोणावळ्याहून येताना चिक्कीबरोबर चॉकलेट-अक्रोड फजचा खोका आणणारी घरं महाराष्ट्रात कमी नाहीत. तो मऊ, दाट, जिभेवर विरघळणारा पोत दूध, लोणी आणि भरपूर साखरेतून येतो. ज्यांनी दूधदुभतं सोडलंय किंवा ज्यांना पांढरी साखर नको आहे, त्यांनीही या चवीला मुकायचं कारण नाही. फक्त हा फज वेगळ्या तत्त्वावर बसतो, आणि ते आधी समजून घेतलं की बिघडायची भीती उरत नाही.

नेहमीच्या फजमध्ये साखरेचा पाक साधारण ११२ ते ११५ अंश सेल्सिअसपर्यंत चढवतात, निवू देतात आणि मग घोटतात. घोटल्यामुळे साखरेचे अगदी बारीक कण तयार होतात आणि वडी धरते. खजुरात हे घडत नाही. मऊ खजुरातली साखर मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असते, ती अशी दाणेदार होत नाही. कितीही आटवा, घोटा, हाती चिकट गोळाच लागेल. म्हणून इथे वडी धरण्याचं काम स्निग्ध पदार्थाकडे द्यायचं: गरम असताना पातळ आणि गार झाल्यावर घट्ट होणारा. खोबरेल तेल किंवा कोको बटर.

यातलं कोणतं घ्यायचं हे तुमच्या गावाच्या हवेवर ठरवा. खोबरेल तेल २४-२५ अंशांना वितळतं, म्हणजे थंडीच्या सकाळी बाटलीत गोठलेलं तेल दुपारी पातळ होतं. पुण्या-नाशिकच्या थंडीत त्याचा फज फ्रीजबाहेरही काही वेळ घट्ट राहतो. मुंबईत किंवा नागपूरच्या उन्हाळ्यात मात्र तो फ्रीजमधून काढला की थोड्याच वेळात ढिला पडतो. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे त्याची वडी जास्त दम धरते. ते महाग आहे, पण केकचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतं. माझ्या मते उकाड्याच्या गावांत नुसतं कोको बटरच घ्यावं; दोन्ही मिसळली तर वडी मऊ पडते.

साहित्य (साधारण २५ वड्या)

मऊ, काळा, बिनबियांचा खजूर २५० ग्रॅम
शेंगदाणे २०० ग्रॅम
बिनसाखरेची कोको पावडर ४० ग्रॅम
खाण्याचं खोबरेल तेल किंवा कोको बटर ६० ग्रॅम
नारळाचं पहिलं घट्ट दूध ४ टेबलस्पून
अक्रोडाचे तुकडे ५० ग्रॅम
मीठ पाव चमचा, जायफळ चिमूटभर

कोको पावडर घेताना पाकीट उलटून घटक वाचा. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, एवढंच. त्यात दुधाची भुकटी असू शकते, आणि ड्रिंकिंग चॉकलेटमध्ये साखर तर असतेच. प्राण्यांपासून मिळालेलं काहीच नसलेल्या (व्हीगन) पदार्थांसाठी एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने, २०२२च्या नियमांनुसार वेगळं चिन्ह ठरवलं आहे: हिरव्या चौकोनात इंग्रजी व्ही आणि त्यावर पान. ते दिसलं तर दुधाचा प्रश्न मिटला, साखरेसाठी मात्र घटक वाचाच. मध इथे चालत नाही, तो मधमाश्यांकडून येतो.

कृती

शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजा आणि कोमट असतानाच सालं काढा. घाईने मोठ्या आचेवर भाजले तर वरून करपतात, आतून कच्चे राहतात आणि तो कच्चेपणा कोकोतही लपत नाही. कोमट दाणे मिक्सरच्या लहान भांड्यात थांबून-थांबून फिरवा. आधी कूट होईल, मग भांड्याच्या कडांना चिकटलेला गोळा. बरेच जण इथेच थांबतात. थांबू नका. कडा खरवडून पुन्हा फिरवत राहिलात की दाण्यांचं तेल सुटतं आणि सगळं सैल, चकचकीत होतं. फजचा गुळगुळीतपणा इथे ठरतो. पाणी किंवा वरून तेल घालायची गरज नाही. मिक्सर तापला तर थोडी विश्रांती द्या.

खजूर पाण्यात भिजवू नका. तो पाणी पितो आणि वडी कायमची ओलसर राहते. त्याऐवजी मोदकपात्रात पाच-सात मिनिटं वाफवा. पाकिटावर बिनबियांचा लिहिलेलं असलं तरी प्रत्येक खजूर बोटांनी दाबून पाहा; एक बी मिक्सरचं पातं खराब करायला पुरते. वाफवलेला खजूर चिरून कोमट नारळाच्या दुधाबरोबर गंधासारखा वाटा.

आता उकळत्या पाण्यावर दुसरं भांडं ठेवून त्यात तेल किंवा कोको बटर वितळवा. कोको चाळून घाला आणि दोन-तीन मिनिटं ढवळा. गरम स्निग्धात कोकोचा वास खुलतो. गुठळी राहिली नाही ना, ते पाहा. मीठ आणि जायफळ याच वेळी घाला. खाली उतरवून त्यात शेंगदाण्याचं बटर आणि मग खजूर मिसळा. तिन्ही गोष्टी कोमट हव्यात. खजूर गार असेल तर तेल जागच्या जागी गोठून पांढरे कण दिसतात.

मिसळताना कधी कधी तेल वेगळं होऊन कडेने तरंगू लागतं. घाबरून आणखी कोको घालू नका. एक चमचा गरम नारळाचं दूध घालून जोरात घोटा, मिश्रण पुन्हा एकजीव होतं. नाही झालं तर अजून एक चमचा.

शेवटी अक्रोड घाला. ते आधी कढईत हलके भाजलेले असले तर त्यांचा कडसरपणा कमी होतो. १५ सेंटिमीटरच्या चौकोनी डब्याला बटर पेपर लावा, मिश्रण ओता, वाटीच्या बुडाने थापून सारखं करा आणि झाकून तीन-चार तास फ्रीजमध्ये ठेवा. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून वड्या कापा. प्रत्येक काप झाल्यावर सुरी पुसली तर कडा स्वच्छ येतात.

शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं कोणी घरात असेल तर भाजलेले तीळ किंवा सूर्यफुलाच्या बिया तशाच वाटून वापरा. तिळाला किंचित कडवट झाक येते, तेव्हा खजूर थोडा वाढवा. अर्थात इथे अक्रोडही आहे, त्याचीही चौकशी करा. मधुमेह असलेल्यांना वाढताना लक्षात ठेवा की खजुराची साखर ही साखरच, वडी लहानच द्या.

ओल्या नारळाच्या दुधामुळे हा फज बाहेर टिकत नाही. फ्रीजमध्ये बंद डब्यात आठवडाभर छान राहतो. जास्त दिवस ठेवायचा तर थरांमध्ये बटर पेपर घालून फ्रीजरमध्ये ठेवा आणि वाढण्याआधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढा, म्हणजे दाताला कडक लागणार नाही.