मुंबई विमानतळावरून शहरात येताना या चुका टाळा

मुंबईला पहिल्यांदा विमानाने येणारा पाहुणा फोनवर विचारतो, “विमानतळावरून शहरात कसे यायचे?” पार्ल्यात किंवा अंधेरीत राहणारा माणूस त्याला उत्तर देण्याऐवजी आधी दोन प्रश्न विचारतो: कोणत्या विमानतळावरून, आणि शहरात म्हणजे नेमके कुठे? पाहुण्याला हे प्रश्न खोचक वाटतात. पण वाटेत पैसे आणि वेळ वाया घालवणाऱ्या बहुतेक चुका या दोन प्रश्नांची उत्तरे न ठरवता विमानात बसल्यामुळेच होतात. वाहन कोणते घ्यावे, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

तिकिटावरचे विमानतळाचे नाव न वाचणे

२५ डिसेंबर २०२५ पासून मुंबई महानगरात दोन विमानतळांवरून प्रवासी वाहतूक होते. सांताक्रूझ-सहारचे जुने छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ तिकिटावर ‘बीओएम’ या संकेताने येते, तर उलवे-पनवेल भागातील नवी मुंबई विमानतळ ‘एनएमआय’ या संकेताने. दोन्हींमध्ये रस्त्याने पस्तीस-चाळीस किलोमीटरचे अंतर आहे. तिकीट काढताना केवळ ‘मुंबई’ हे नाव आणि कमी भाडे पाहिले, तर अंधेरीतल्या लग्नाला निघालेला माणूस पनवेलजवळ उतरतो आणि विमानाच्या भाड्यात वाचलेले पैसे टॅक्सीत घालवतो. याउलट ज्याला पनवेल, बेलापूर, अलिबाग किंवा पुण्याकडे जायचे आहे, त्याला नवी मुंबईचे विमान अधिक सोयीचे असते. नवी मुंबईहून दक्षिण मुंबईत यायचे असल्यास जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू हा जवळचा मार्ग आहे. मात्र त्याचा पथकर भाड्यात धरला आहे की वेगळा द्यायचा आहे, हे गाडीत बसण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

जुन्या विमानतळाचीही दोन टर्मिनले आहेत. टर्मिनल १ सांताक्रूझ-पार्ल्याच्या बाजूला असून तेथे फक्त देशांतर्गत विमाने येतात. टर्मिनल २ सहारला आहे आणि तेथे आंतरराष्ट्रीय विमानांबरोबर अनेक देशांतर्गत विमानेही उतरतात. त्यामुळे ‘नागपूरहून येतोय, म्हणजे डोमेस्टिकला ये’ असे न्यायला येणाऱ्या भावाला सांगणे आता पुरेसे नाही. दोन्ही टर्मिनले एकाच धावपट्टीच्या परिसरात असली, तरी एकातून दुसरीकडे चालत जाता येत नाही. रस्त्याने चार-पाच किलोमीटरचा वळसा पडतो. ॲपवरून गाडी मागवतानाही हीच चूक होते. मोबाईलवरचा ठिपका भलत्याच टर्मिनलवर असतो, आणि चालक व प्रवासी एकमेकांना “मी तर गेटवरच उभा आहे” असे बराच वेळ सांगत राहतात.

‘शहर’ आणि ‘पत्ता’ यांत गल्लत

मुंबईला एकच एक मध्यवर्ती ठिकाण नाही. जुने मुंबईकर फोर्ट, चर्चगेट, कुलाबा या भागाला ‘टाउन’ म्हणतात. कचेऱ्यांच्या दृष्टीने वांद्रे-कुर्ला संकुल हेही तेवढेच मध्यवर्ती ठरते, आणि ते विमानतळापासून बरेच जवळ आहे. त्यामुळे प्रवासाचे नियोजन उपनगराच्या नावाने करावे, आणि त्या नावापुढे ‘पूर्व’ की ‘पश्चिम’ हे न विसरता लिहून ठेवावे. पश्चिम रेल्वेचे रूळ विमानतळाजवळच्या पश्चिम उपनगरांचे दोन तुकडे करतात, आणि रूळ ओलांडण्याच्या जागा मोजक्या आहेत.

माझा नागपूरचा मावसभाऊ एका जुलै महिन्यात आला, तेव्हा त्याने टॅक्सीचालकाला केवळ “सांताक्रूझ स्टेशन” एवढेच सांगितले. चालकाने त्याला प्रामाणिकपणे पूर्वेला स्टेशनाशी सोडले. घर पश्चिमेला होते. पावसामुळे मिलन सबवेत पाणी भरून तो बंद झालेला, आणि दुसरी गाडी पश्चिमेला यायला तयार होईना. शेवटी तो दोन बॅगा घेऊन स्टेशनाचा पूल चढला आणि भिजलेला, वैतागलेला असा घरी पोहोचला. चालकाचा त्यात काहीही दोष नव्हता.

नावांवरून होणारी फसगत इथेच संपत नाही. मेट्रो १ वर, म्हणजे घाटकोपर-वर्सोवा मार्गावर, ‘एअरपोर्ट रोड’ नावाचे स्थानक आहे. ते विमानतळाचे स्थानक नाही; तेथून टर्मिनल २ ला सामान घेऊन चालत जाणे शक्य नसते. विमानतळाची खरी स्थानके मेट्रो ३ वर आहेत, आणि तीही दोन: एक टर्मिनल १ चे, दुसरे टर्मिनल २ चे. तसेच महालक्ष्मी स्थानकावर उतरल्यावर महालक्ष्मीचे देऊळ समोर दिसत नाही. रेसकोर्सच्या बाजूने बरेच अंतर जावे लागते. बाहेरगावची गाडी पकडायची असेल, तर ‘वांद्रे’ आणि ‘वांद्रे टर्मिनस’ ही वेगळी ठिकाणे आहेत, आणि ‘कुर्ला’ म्हणजे ‘लोकमान्य टिळक टर्मिनस’ नव्हे, हे ध्यानात असावे. आखातातून येऊन पुढे कोकणात जाणाऱ्यांनी तिकिटावरील स्थानकाचे नाव टॅक्सीत बसण्यापूर्वी पुन्हा एकदा वाचावे, कारण कोकणच्या गाड्या सीएसएमटी, दादर आणि लोकमान्य टिळक टर्मिनस अशा निरनिराळ्या ठिकाणांहून सुटतात.

मेट्रो आहे हे विसरणे, किंवा ती चोवीस तास आहे असे समजणे

मेट्रो ३, म्हणजे आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मार्गिका, ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण खुली झाली. तोपर्यंत विमानतळावरून टाउनला जाण्यासाठी रस्ता किंवा लोकल एवढेच पर्याय होते. त्यामुळे जुनी माहिती देणारे नातेवाईक अजूनही “सरळ टॅक्सी कर” असेच सांगतात. संध्याकाळी पाचनंतर टर्मिनल २ वरून फोर्टपर्यंतचे साधारण पंचवीस किलोमीटर कापायला टॅक्सीला दीड-दोन तास लागू शकतात. मेट्रो तेच अंतर पाऊण तासाच्या आसपास पार करते, आणि आरे ते कफ परेड या संपूर्ण अंतराचे भाडेदेखील ७० रुपये आहे. वांद्रे-कुर्ला संकुल, दादर, सिद्धिविनायक, वरळी, मुंबई सेंट्रल, गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट ही सर्व ठिकाणे याच मार्गावर येतात. गेटवे ऑफ इंडिया पाहायला निघालेल्याने हुतात्मा चौकाला उतरून पुढचे थोडे अंतर टॅक्सीने जावे.

मात्र ही मेट्रो पहाटे सहाच्या सुमारास सुरू होते आणि रात्री साडेदहाच्या सुमारास शेवटची गाडी सुटते. परदेशातून येणारी बरीच विमाने मध्यरात्र ते पहाट या वेळात उतरतात. त्या प्रवाशांनी मेट्रोवर विसंबून राहू नये. रात्री नऊला उतरणाऱ्याने बॅग मिळण्याचा वेळ, टर्मिनलमधून स्थानकापर्यंत चालण्याचा वेळ आणि स्थानकावरील सामानाच्या तपासणीचा वेळ हिशेबात धरावा. विमान अर्धा तास उशिरा आले, तर हा सगळा हिशेब कोलमडतो. तिकीट मोबाईलवर काढायचे असेल, तर ते जमिनीवर असतानाच काढावे, भुयारात नेटवर्क मिळेलच असे समजू नये. फलाटावर ‘कफ परेड’ ही पाटी पाहूनच गाडीत चढावे. घाईत ‘आरे’कडे जाणारी गाडी पकडली गेलीच, तर घाबरण्याचे कारण नाही. पुढच्या मरोळ नाका स्थानकावर उतरावे आणि कफ परेडच्या फलाटावर यावे.

मरोळ नाक्याचा आणखी एक उपयोग आहे, जो पाहुण्यांना सहसा कोणी सांगत नाही. ठाणे, डोंबिवली, कल्याणकडे जाणाऱ्याने टाउनच्या दिशेने जायचेच नसते. टर्मिनल २ वरून एकच स्थानक उलट्या दिशेला जाऊन मरोळ नाक्याला मेट्रो १ धरावी आणि घाटकोपरला मध्य रेल्वेची लोकल घ्यावी. हेच अंतर टॅक्सीने कापायचे म्हटले, तर गर्दीच्या वेळी पूर्व द्रुतगती मार्ग प्रवाशाच्या सहनशक्तीची परीक्षा पाहतो.

सामान घेऊन चुकीच्या वेळी लोकल पकडणे

लोकल स्वस्त आहे, आणि रविवारची दुपार किंवा भल्या पहाटेची वेळ असेल, तर ती चांगलीही आहे. पण सकाळी आठ ते अकरा या वेळात अंधेरीहून चर्चगेटच्या दिशेने, आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ या वेळात चर्चगेटहून उत्तरेकडे, मोठी बॅग घेऊन चढण्याचा प्रयत्न करू नये. यात स्वतःची गैरसोय तर होतेच, शिवाय डब्यातल्या प्रत्येकाचे बोलणे ऐकावे लागते, आणि त्यांचे बोलणे रास्त असते. टर्मिनल १ जवळचे विलेपार्ले स्थानक सोयीचे दिसते, परंतु जलद लोकल तेथे थांबत नाहीत. त्यासाठी अंधेरीला जावे लागते. रविवारी दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, म्हणजे काही तास काही लोकल बंद असतात किंवा दुसऱ्या मार्गाने जातात; त्याची घोषणा आदल्या दिवशीच होते. ती पाहून मगच निघावे.

टॅक्सी आणि रिक्षा

बाहेर पडताच जो माणूस स्वतःहून जवळ येऊन “साहेब, टॅक्सी?” असे विचारतो, त्याच्या मागे जाणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. खरी टॅक्सी रांगेत उभी असते किंवा खिडकीवरून मिळते. गाडीची नंबरप्लेट पाहणे हा सोपा उपाय आहे. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी आणि त्यावरची अक्षरे काळी असतात. विजेवर चालणाऱ्या भाड्याच्या गाडीची पाटी हिरवी आणि अक्षरे पिवळी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कितीही स्वच्छ असली आणि चालक कितीही गोड बोलत असला, तरी तिच्यात बसू नये.

प्रीपेड खिडकीवर घेतलेल्या पावतीवर गाडीचा क्रमांक असतो. चालकाला द्यायचा भाग उतरल्याशिवाय हातचा सोडू नये, आणि स्वतःचा भाग फेकू नये. विसरलेली बॅग शोधायला तोच कागद लागतो.

काळ्या-पिवळ्या टॅक्सीने जायचे असेल, तर मीटर टाकायला सांगावे. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरसाठी टॅक्सीचे किमान भाडे ३१ रुपये आणि रिक्षाचे २६ रुपये झाले. मध्यरात्र ते पहाटे पाच या वेळात पंचवीस टक्के जादा आकार कायदेशीरच असतो, म्हणून पहाटे दोनला जादा मागणाऱ्या चालकाशी हुज्जत घालण्याआधी घड्याळ पाहावे. जवळचे भाडे नाकारणे हा मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ नुसार गुन्हा आहे. अनुभवाने सांगतो, कलम म्हणून दाखवण्यापेक्षा गाडीचा क्रमांक लिहून घेऊ लागल्यावर मीटर लवकर पडतो.

रिक्षाविषयी बाहेरगावच्या माणसाचा एक गैरसमज हमखास असतो. पुणे-नाशिकप्रमाणे रिक्षा शहरात सगळीकडे जाईल, असे तो धरून चालतो. मुंबईत रिक्षा फक्त उपनगरांत चालतात. पश्चिमेला वांद्रे आणि पूर्वेला शीव यांच्या दक्षिणेला त्यांना परवानगी नाही. पार्ले, अंधेरी, खार, सांताक्रूझ येथे जाण्यासाठी रिक्षा उत्तम. दादरला जाणाऱ्याने तिच्यात बसू नये, नाहीतर वांद्र्याला उतरून पुन्हा टॅक्सी शोधावी लागते.

पथकराचे दोन मुद्दे. टाउनला जाताना चालक “सी लिंकने घेऊ का?” असे विचारतो, तेव्हा होकार देणाऱ्यालाच तो पथकर द्यावा लागतो. सी लिंकपुढचा वरळी ते मरीन ड्राइव्ह हा सागरी किनारा रस्ता मात्र विनाशुल्क आहे, त्याचे पैसे कोणी मागितल्यास देऊ नयेत. तसेच ऑक्टोबर २०२४ पासून दहिसर, मुलुंड, ऐरोली आणि वाशी येथील नाक्यांवर हलक्या वाहनांना पथकर माफ आहे. वाशी किंवा ठाण्याच्या भाड्यात ‘टोल’ मिळवून सांगितला, तर कोणता टोल, हे शांतपणे विचारावे.

मोबाईल चालेनासा झाला तर

परदेशातून येणाऱ्याचे सगळे नियोजन ॲपवर असते, आणि ॲप इंटरनेटवर. विमानतळावरील मोफत वायफायसाठी मोबाईलवर येणारा ओटीपी लागतो, आणि परदेशी सिमवर तो वेळेत येईलच असे नाही. अशा वेळी खांबाशेजारी उभे राहून पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नये. चौकशी खिडकीवर पर्याय विचारावा, नाहीतर सरळ प्रीपेड टॅक्सी घ्यावी. घरचा पत्ता, पूर्व-पश्चिम, जवळची खूण आणि घरच्यांचा फोन क्रमांक हे कागदावर मराठीत किंवा हिंदीत लिहून खिशात ठेवलेले असावे. मोबाईल बंद पडला, तरी तो कागद चालकाच्या हातात देता येतो, आणि मुंबईचा टॅक्सीचालक ‘अमुक देवळासमोर’ ही खूण नकाशापेक्षा लवकर ओळखतो.