‘मोर ईझियर’ आणि ‘पेक्षा’ची गडबड: इंग्रजीत तुलना करताना या चुका टाळा

‘इट इज चीप टू गो बाय ट्रेन दॅन बस.’ हे वाक्य पुण्या-मुंबईकडच्या कुठल्याही ऑफिसात दिवसातून एकदा तरी कानावर पडतं. अर्थ कळतो, काम होतं, कोणी टोकत नाही. म्हणून ते वर्षानुवर्षं तसंच राहतं.

चूक कुठून येते ते आधी बघू. ‘बसपेक्षा ट्रेन स्वस्त’ असं आपण म्हणतो तेव्हा ‘स्वस्त’ हा शब्द जागचा हलत नाही. तुलनेचं सगळं ओझं ‘पेक्षा’ वाहतो. इंग्रजीत हे काम दोघांत वाटलेलं आहे: विशेषणाने रूप बदलायचं आणि शिवाय ‘दॅन’ही यायचा. आपण ‘दॅन’ आणतो, कारण तो ‘पेक्षा’चा भाऊ वाटतो, पण ‘चीप’चं ‘चीपर’ करायचं राहून जातं. बरोबर वाक्य: ‘इट्स चीपर टू गो बाय ट्रेन दॅन बाय बस.’ त्यातला दुसरा ‘बाय’सुद्धा ठेवा. मग तुलना ट्रेनने जाण्याची आणि बसने जाण्याची आहे, हे स्वच्छ दिसतं.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे ‘मोर चीपर’, ‘मोर ईझियर’, ‘मोर बेटर’. इथे आपला ‘जास्त’ आडवा येतो. ‘जास्त सोपं’ मराठीत चालतं, म्हणून ‘मोर’ लागतो आणि वर ‘ईझियर’ही येतो. दोन्हींपैकी एकच ठेवा. चीप, फास्ट, सेफ, हार्ड असे लहान शब्द ‘अर’ घेतात. ईझी, हेल्दी असे ‘ई’ने संपणारेही तसेच, ईझियर, हेल्दियर. कन्व्हिनियंट, डिफिकल्ट, एक्स्पेन्सिव्ह अशा लांब शब्दांना ‘मोर’ लावायचा. ‘गुड’चा ‘बेटर’ आणि ‘बॅड’चा ‘वर्स’ पाठच करावा लागतो, त्याला इलाज नाही. जोर द्यायचा असेल तर ‘मच ईझियर’ किंवा ‘अ लॉट ईझियर’ म्हणा. ‘व्हेरी ईझियर’ म्हणू नका.

वाक्याच्या तोंडाशी ‘इट’ हवा

‘लवकर निघणं बरं’ या वाक्याला कर्ता म्हणून काही वेगळं आणावं लागत नाही. इंग्रजीत मात्र ती जागा रिकामी ठेवता येत नाही, म्हणून तिथे ‘इट’ बसवतात: ‘इट्स बेटर टू लीव्ह अर्ली.’ बोलताना काहीजण थेट ‘इज बेटर टू लीव्ह’ म्हणतात, ते अर्धवट वाटतं. ‘टू लीव्ह अर्ली इज बेटर’ व्याकरणात बसतं, पण ऐकायला भाषणासारखं लागतं. रिक्षावाल्याशी किंवा शेजाऱ्याशी बोलताना असं कोणी बोलत नाही.

‘फॉर’चा गोंधळही इथलाच. ‘जाण्यासाठी’ डोक्यात असल्यामुळे ‘इट इज बेटर फॉर गोइंग अर्ली’ असं वाक्य तयार होतं. कृती सांगायची असेल तर ‘टू’ आणि पुढे क्रियापदाचं मूळ रूप. ‘ईझियर टू अंडरस्टँडिंग’ नाही, ‘ईझियर टू अंडरस्टँड’.

‘मला’ आणि ‘आय’

माझ्या मते सगळ्यात हट्टी चूक ही. ‘रविवारी यायला मला सोयीचं’ या वाक्यातून ‘आय ॲम मोर कन्व्हिनियंट ऑन संडे’ जन्माला येतं. इंग्रजीत सोयीचा माणूस नसतो, वेळ असते: ‘संडे इज मोर कन्व्हिनियंट फॉर मी.’ किंवा कृतीसकट, ‘इट्स मोर कन्व्हिनियंट फॉर मी टू कम ऑन संडे.’

हा ‘फॉर मी टू’ सांगाडा एकदा जिभेवर बसला की पुष्कळ अडचणी सुटतात. ‘मला मराठीतून समजावणं सोपं जातं’ हे ‘इट्स ईझियर फॉर मी टू एक्स्प्लेन इन मराठी’ होतं. इथे ‘मला’साठी ‘टू मी’ वापरू नका. पुढे आणखी एक ‘टू’ येणारच असतो, आणि दोन ‘टू’ एकमेकांत अडकतात.

‘वापरायला सोपं’: इथे मराठी मदतीला येते, अर्ध्यापर्यंत

‘हे ॲप वापरायला सोपं आहे.’ या वाक्यात ‘ॲप वापरायला’ पुढे परत ‘ते’ आणत नाही. इंग्रजीतही तसंच: ‘धिस ॲप इज ईझियर टू यूज.’ तरी बरेचजण शेवटी ‘इट’ जोडतात, ‘ईझियर टू यूज इट’. तो काढून टाका. इथे फक्त आपल्याच भाषेवर विश्वास ठेवायचा आहे.

पण ‘हे घर राहायला चांगलं’ म्हणताना आपण घसरतो. मराठीत ‘राहायला’ म्हटलं की ‘घरात’ हे आपोआप समजतं. इंग्रजीत तो ‘इन’ शेवटी दिसायलाच हवा: ‘धिस हाउस इज बेटर टू लिव्ह इन.’ तसंच ‘हे पेन लिहायला बरं’ म्हणजे ‘धिस पेन इज बेटर टू राइट विथ’. आणि ‘नव्या मॅनेजरशी बोलायला सोपं जातं’ म्हणजे ‘द न्यू मॅनेजर इज ईझियर टू टॉक टू’. वाक्य ‘टू’ने संपलं म्हणून बिचकू नका, ते तसंच संपायला हवं. खात्री करायची असेल तर वाक्य सरळ करून बघा. आपण ‘टॉक टू द मॅनेजर’ म्हणतो, ‘लिव्ह इन द हाउस’ म्हणतो. त्यातला मॅनेजर किंवा घर उचलून पुढे नेलं तरी मागचा ‘टू’ आणि ‘इन’ जागेवरच राहतात.

आता एक बारीक फरक. ‘शी इज ईझियर टू टीच’ आणि ‘शी इज हॅपियर टू टीच’. पहिल्या वाक्यात ती विद्यार्थिनी आहे, तिला शिकवणं सोपं. दुसऱ्यात ती शिक्षिका आहे, ती जास्त आनंदाने शिकवते. बाहेरून साचा एकच, आतला कर्ता उलटा. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कींनी ‘ईझी टू प्लीज’ आणि ‘ईगर टू प्लीज’ ही जोडी दाखवून हाच मुद्दा मांडला होता. ईझी, हार्ड, डिफिकल्ट हे एका गटातले आणि हॅपी, कीन, ईगर हे दुसऱ्या, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

‘बेटर टू’ आणि ‘हॅड बेटर’

‘रिक्षाने गेलेलं बरं’ हा सल्ला झाला: ‘इट्स बेटर टू टेक अ रिक्षा.’ पण ‘आता गप्प बसलेलं बरं, नाहीतर...’ यात दम दिलेला आहे. इंग्रजीत त्यासाठी ‘यू हॅड बेटर कीप क्वाएट’ आहे, आणि त्यात ‘टू’ नसतो. ‘हॅड बेटर टू गो’ ही सरळ चूक. नकार ‘हॅड बेटर नॉट गो’ असा होतो.

व्याकरणापेक्षा इथे सूर जपा. ‘सर, यू हॅड बेटर साइन टुडे’ असा मेल गेला तर साहेबांना तो धमकीसारखा वाटू शकतो, लिहिणाऱ्याच्या मनात कितीही आदर असला तरी. तिथे ‘इट वुड बी बेटर टू साइन टुडे’ म्हणा.

‘दॅन’नंतर काय?

‘इट्स चीपर टू रिपेअर द फोन दॅन टू बाय अ न्यू वन.’ दुसरा ‘टू’ गाळून ‘दॅन बाय अ न्यू वन’ म्हटलं तरी चालतं, आणि बोलण्यात ‘दॅन बाइंग’ही ऐकू येतं. काही शिक्षक यावर लाल शाई खर्च करतात, मला ते अनावश्यक वाटतं. परीक्षेत दोन्हीकडे सारखं रूप ठेवा, बोलताना मोकळे राहा. लिहिताना मात्र ‘दॅन’मध्ये ए हे अक्षर असतं, ई लिहिलं की तो ‘मग’ या अर्थाचा ‘देन’ होतो.

सीनियर, ज्युनियर, सुपीरियर यांच्यापुढे ‘दॅन’ येत नाही, ‘टू’ येतो: ‘शी इज सीनियर टू मी.’ हा ‘टू’ वेगळा, त्यापुढे क्रियापद नसतं.

हे सगळे दोष एकाच निरोपात कसे भेटतात ते बघा: ‘आय ॲम मोर कन्व्हिनियंट टुमारो, इज बेटर टू मीट ॲट दादर, इट इज मोर ईझियर टू रीच इट दॅन ठाणे.’ दुरुस्त केला की होतो: ‘टुमारो इज मोर कन्व्हिनियंट फॉर मी. इट वुड बी बेटर टू मीट ॲट दादर, इट्स ईझियर टू रीच दॅन ठाणे.’ ठाण्याच्या माणसाला शेवटचं वाक्य पटणार नाही, पण त्याला त्यात व्याकरणाची चूक काढता येणार नाही.