नेदरलँड्समध्ये आल्यावर डिजिडी कसं काढायचं: घराच्या करारापासून मोबाइलच्या पिनपर्यंत

आधार काढलेल्या माणसाला वाटतं, ओळखपत्र म्हणजे केंद्रावर जायचं, बोटांचे ठसे द्यायचे, डोळे स्कॅन करायचे आणि पावती घेऊन घरी यायचं. नेदरलँड्सचं डिजिडी तसं नाही. इथे कोणी तुमचा ठसा घेत नाही, अर्जही ऑनलाइन पाच-दहा मिनिटांत होतो. पण त्या अर्जाचा शेवट होतो तो तुमच्या दाराशी पडणाऱ्या एका कागदी पत्रावर. ते पत्र फक्त सरकारी नोंदीतल्या पत्त्यावरच येतं. म्हणून डिजिडीची तयारी मोबाइलवर सुरू होत नाही, घर शोधण्यापासून सुरू होते. हे आधीच कळलं असतं तर आमचा पहिला महिना बराच सुखाचा गेला असता, म्हणून हा लेख.

डिजिडी म्हणजे डच सरकारी सेवांमध्ये लॉगिन करण्याची किल्ली. आयकर, नगरपालिका, आयएनडी म्हणजे इमिग्रेशन खातं, पेन्शनची माहिती, आरोग्य विमा कंपनी, बऱ्याच हॉस्पिटलांची पोर्टलं, सगळीकडे हेच चालतं. गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतली लोखियस ही संस्था ते चालवते. ते पूर्णपणे मोफत आहे. कोणी पैसे घेऊन काढून देतो म्हणाला, तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

भारतातून निघण्याआधी

सगळ्यात जास्त वेळ कागदपत्रांवर द्या. इथल्या नगरपालिकेत, म्हणजे खेमेन्तेत, नोंदणी करताना पासपोर्टबरोबर जन्मदाखला आणि लग्न झालं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला लागतो. दोन्हींवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, हवं. भारत आणि नेदरलँड्स दोघेही अपोस्टिल करारात आहेत, त्यामुळे दूतावासात वेगळा शिक्का मारून घ्यावा लागत नाही. आधी राज्य सरकारकडून दाखल्याची पडताळणी आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, असा क्रम असतो. याला आठवडे लागू शकतात, तिकीट काढल्यावर सुरुवात करू नका.

दाखल्याची भाषाही बघून घ्या. महाराष्ट्रातले हल्लीचे दाखले मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असतात, ते चालतात. जुना, फक्त मराठीतला, हाताने लिहिलेला दाखला असेल तर महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून नव्याने द्विभाषिक प्रत काढून घ्या. काही जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, नुसतं "मुलगा" किंवा "मुलगी" असतं. अशा वेळी आधी नाव नोंदवून घ्यावं लागतं.

नावाबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडच्या बायकांना हा त्रास हमखास होतो. जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. डच नोंदीत जन्मनावाला फार महत्त्व असतं, आणि नवऱ्याचं आडनाव ते वेगळ्या रकान्यात ठेवतात. दोन नावांची व्यक्ती एकच आहे हे सांगणारा कागद म्हणजे विवाहाचा दाखला. तो नसेल तर काउंटरवरची बाई कितीही सौजन्याने बोलली तरी काम अडतं. आणि पासपोर्टवरच्या पहिल्या नावाच्या रकान्यात आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं, ते इथे तुमचं दुसरं पहिलं नाव म्हणून नोंदलं जातं. याने बिघडत काही नाही. फक्त पुढे सगळीकडे नोंदीत आहे तसंच नाव लिहायची सवय लावा.

घर: नोंदणी करता येईल असंच

घर बघताना भाडं, मेट्रो, स्वयंपाकघर हे सगळं विचाराच, पण पहिला प्रश्न हा विचारा: या पत्त्यावर माझी नोंदणी होईल का? काही घरमालक "राहा, पण नोंदणी नको" असं सांगतात. आमच्या पहिल्या मालकानेही चावी दिल्यावर तेच सांगितलं. जागा सुरेख होती, कालव्याकडे खिडकी होती, पण ती सोडावी लागली. पत्त्यावर नोंद नाही म्हणजे बीएसएन, म्हणजे इथला नागरिक क्रमांक, अडकतो, डिजिडी अडकतं आणि त्यामागे बाकीचं सगळं.

चार महिन्यांहून जास्त राहणार असाल तर आल्यापासून 5 दिवसांत खेमेन्तेला कळवायचं असतं. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट इतक्या लवकर मिळतेच असं नाही, म्हणून भारतातूनच ती घेऊन ठेवा. ॲम्स्टरडॅम, द हेग, आइन्डहोवनसारख्या ठिकाणी एक्स्पॅट सेंटरं आहेत. कंपनीमार्फत येणाऱ्यांची नोंदणी आणि आयएनडीचं काम तिथे एकाच भेटीत होऊ शकतं. एचआरला हे नक्की विचारा.

अपॉइंटमेंटला घरातल्या प्रत्येकाने जायचं, मुलांनीसुद्धा. मूळ कागद न्या. भाडेकरार तुमच्या नावावर नसेल, मित्राकडे उतरला असाल, तर मुख्य रहिवाशाचं लेखी संमतीपत्र आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत लागते.

नोंदणी झाली की बीएसएन मिळतो, नऊ अंकी नागरिक क्रमांक. काही ठिकाणी तो लगेच हातात देतात, काही ठिकाणी पोस्टाने येतो. तो कुणालाही फोनवर सांगत फिरू नका.

बीएसएन हातात आला की आरोग्य विम्याकडेही बघा. विमा घ्यायला चार महिन्यांची मुदत असते, पण हप्ता मागच्या तारखेपासून लागतो. चालढकल करून पैसे वाचत नाहीत.

अर्ज

डिजिडी डॉट एनएल या साइटवर जा. पत्ता स्वतः टाइप करा, कुणी पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नका. साइट इंग्रजीतही आहे.

आधी बीएसएन, जन्मतारीख, पोस्टकोड आणि घर क्रमांक भरायचा. इथे बहुतेकांचं गाडं अडतं, म्हणून नीट वाचा. डच पोस्टकोड म्हणजे चार अंक आणि दोन अक्षरं. त्यानंतर घर क्रमांक, आणि त्याला जोडलेलं शेपूट असेल तर ते वेगळ्या रकान्यात. आमच्या दुसऱ्या घराच्या करारावर नुसतं "118" होतं. नोंदीत मात्र "118-3" होतं, कारण आम्ही तिसऱ्या मजल्यावर. मी 118 भरत राहिले आणि साइट माहिती जुळत नाही म्हणत राहिली. शेवटी खेमेन्तेचं पत्र काढून त्यावरचा पत्ता अक्षरन् अक्षर उतरवला, तेव्हा अर्ज पुढे सरकला. तुम्ही सुरुवातच त्या पत्रावरून करा. आणि पत्ता बरोबर असूनही जुळत नसेल तर दोन-चार दिवस थांबा, नवी नोंद सगळीकडे पोहोचायला कधी कधी वेळ लागतो.

मग युजरनेम, पासवर्ड, ईमेल आणि मोबाइल नंबर. नंबर असा द्या जो वर्षभर तरी बदलणार नाही. विमानतळावर घेतलेलं तात्पुरतं सिम देऊ नका. एसएमएसवर आलेला कोड टाकला की अर्ज संपला.

पत्र आणि ॲप

साधारण तीन कामाच्या दिवसांत पत्र येतं. दिसायला अगदी साधं, वर सगळं डच. आत ॲक्टिव्हेशन कोड असतो. तो 21 दिवस चालतो, उशीर झाला तर पुन्हा अर्ज. पत्र ऑफिसच्या पत्त्यावर मागवता येत नाही. याच आठवड्यात घर बदलणार असाल तर आधी नवा पत्ता नोंदवा, मग अर्ज करा. सामायिक दरवाजा असलेल्या इमारतीत राहत असाल तर तळमजल्यावरच्या पेट्यांपैकी आपली कोणती ते बघून तिच्यावर नाव चिकटवा.

कोड आला की साइटवर लॉगिन करून तो टाका. त्याच दिवशी मोबाइलवर डिजिडीचं ॲप घ्या आणि त्यात पाच अंकी पिन ठरवा. जन्मवर्ष किंवा 12345 नको. पुढे कॉम्प्युटरवरून लॉगिन करायचं असेल तर ॲपने स्क्रीनवरचा क्यूआर कोड स्कॅन करून पिन द्यायचा.

आरोग्याच्या काही सेवांना याहून वरची पातळी लागते. त्यासाठी ॲपमध्ये ओळखपत्राची चिप मोबाइलने वाचावी लागते. भारतीय पासपोर्ट तिथे चालत नाही, डच ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. परदेशातून कामासाठी आलेल्या काही नोकरदारांना 30 टक्के कर सवलत मिळते; ती मिळालेल्यांना भारतीय लायसन्स डच लायसन्समध्ये बदलून घेता येतं, तेव्हा ते झालं की हेही उरकून टाका.

सांभाळायचं कसं

नवरा-बायकोचं डिजिडी वेगवेगळं. एकमेकांचा पासवर्ड वापरू नका. दुसऱ्याचं काम करायचं असेल तर अधिकार देण्याची सोय सरकारनेच ठेवली आहे, तिला माखतिखन म्हणतात. "तुमचं डिजिडी बंद पडणार आहे, इथे दाबा" असे एसएमएस येतील. ते सरळ पुसून टाका. सलग तीन वर्षं वापरलं नाही तर खातं खरंच बंद होतं, त्यामुळे अधूनमधून लॉगिन करत राहा.

देश सोडताना डच सिम बंद करण्याआधी माय डिजिडीमध्ये, म्हणजे साइटवरच्या आपल्या खात्यात, जाऊन भारतातला चालू नंबर टाका आणि तो नंबर चालतोय याची खात्री करा. ज्या वर्षी तुम्ही परत जाता त्या वर्षीचं आयकर विवरणपत्र नंतर भरायचं असतं. ते पुण्यात किंवा नाशिकमध्ये बसून भरता येतं, पण ॲपऐवजी एसएमएसने लॉगिन करायचं झालं तर तो एसएमएस हातातल्या फोनवर आला पाहिजे.